पारा पंधरावर

टिटवाळ्यात थंडी पडली हे कसाऱ्याहून येणारी लोकल सांगते. डब्यातली निम्मी डोकी माकडटोपीत गेली की समजायचं, पारा १५ वर आला. अशा थंडीचे दिवस वर्षाला जेमतेम आठ. त्या आठ दिवसांच्या भरवशावर मी गच्चीत हरितगृह बांधलं: बांबू, २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद आणि आत अँथुरियमची बारा रोपं. रोपवाटिकेतला माणूस म्हणाला होता, "थंडीत जपा." ते मी फारच मनावर घेतलं.

मेहुणा निफाडचा, द्राक्षवाला. तिकडे पारा कधीकधी ५ च्याही खाली जातो. मग हा मध्यरात्री उठून बागेत जागोजाग शेकोट्या पेटवतो आणि पहाटे ठिबकने विहिरीचं पाणी सोडतो. ते पाणी हवेपेक्षा उबदार असतं म्हणे. त्याला फोन लावला.

"दाजी, पारा किती?"

"पंधरा."

पलीकडे शांतता. मग, "पंधराला आम्ही स्वेटर काढतो."

तरी बिचाऱ्याने उपाय सांगितला. पाण्याची काळी पिंपं आत ठेवायची. दिवसा उन्हाने तापतात, रात्रभर ऊब सोडतात. आमच्याकडे दोन होतीच, पाणी न येण्याच्या वारांसाठी. ती वर चढवून भरली.

"अहो, उद्या पाणी नाहीये," ही म्हणाली.

"अगं, अँथुरियम गारठतील!"

फटी चिकटपट्टीने बुजवल्या. रात्री अडीचला गजर लावून, माकडटोपी घालून आत शिरलो. चष्म्यावर वाफ धरली. बाहेर १६, आत १९! त्या तीन अंशांच्या अभिमानात पहाटेपर्यंत झोप लागली नाही.

दुपारी दोनला आत ४४. प्लास्टिक ऊन आत घेतं, तापलेली हवा बाहेर सोडत नाही. सुटायच्या सगळ्या वाटा मीच चिकटवलेल्या. तळेगाव दाभाड्याचे फूलवाले पॉलिहाउसला हवा खेळायला जागा ठेवतात, वर शेडनेट ओढतात, फॉगरने धुकं सोडतात. हे मला मेहुण्याने नंतर सांगितलं, हसू आवरल्यावर.

पानं कडेने करपली होती. पिंपांतलं पाणी मात्र छान कोमट. ही काही न बोलता बादली घेऊन वर आली आणि खाली जाऊन तिने गीझर बंद केला.

आता रोज दुपारी शेजारच्या काकू जिन्यातून हाक मारतात, "भाऊ, तापलं का हो?"