भटक्यांचा कायमचा पत्ता

भटक्या-विमुक्तांची शासनाला किती काळजी, हे पाहायचं तर जातीच्या दाखल्याच्या खिडकीशी उभं राहावं. भटके आहात? उत्तम. मग २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून तुमचं घराणं महाराष्ट्रात राहत होतं याचा कागद जोडा. सातबारा चालेल, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखलाही चालेल. आजोबा पालात जन्मले, गाढवावर बिऱ्हाड टाकून गावोगाव फिरले, शाळेत कधी गेलेच नाहीत. ठीक आहे, पण म्हणून ती सोडायलाही जमू नये?

पालाच्या खुंट्यांची घरपट्टी भरल्याची पावतीही आता सक्तीची करावी. शिवाय दर मुक्कामाला तलाठ्याचा रहिवासी दाखला.

या बाबतीत इंग्रज चोख. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा करून त्यांनी माणसांची नोंद ठेवली, हजेरी घेतली, सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसवलं. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला आणि ही सोय गेली. त्या जुन्या रजिस्टरात आजोबांचं नाव निघालं तर भाग्य. जे कधी पोलिसांच्या हाती लागलेच नाहीत, त्यांनी नातवंडांचा काडीचा विचार केला नाही.