पोर्टली

माझ्या पोटाला शोभेल असं इंग्रजी विशेषण मी बरेच दिवस शोधतो आहे. 'फॅट' अर्थातच बाद. 'लार्ज' शर्टाच्या कॉलरवर ठीक, माणसाला लावलं की पापलेट वाटतं. 'लार्जिश'ला धड मोठं म्हणवून घ्यायचीही लाज वाटते. 'स्टाउट' आवडलं होतं. पूर्वी त्याचा अर्थ शूर असा होता. गेल्या दोनेकशे वर्षांत ते छातीवरून पोटावर उतरलं. शेवटी मन बसलं 'पोर्टली'वर. मूळ अर्थ रुबाबदार. शेक्सपिअरचा फॉलस्टाफ स्वतःला हेच म्हणवून घेतो. अमेरिकेत तयार सुटांमध्ये 'पोर्टली' नावाचं मापच असतं. हे मी बायकोला ऐकवलं.

"पोर्टली? त्यात पोट आहेच की," ती म्हणाली.

एक्स्ट्रा लार्जच्या पुढे जंबो लागतो, आणि जंबो म्हटलं की माझी गाडी रूळ सोडते. जंबो हा खराखुरा हत्ती. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोरांना पाठीवर घेऊन फिरायचा. 1882 साली अमेरिकेच्या बार्नमने त्याला सर्कशीसाठी विकत घेतलं, तेव्हा हजारो शाळकरी मुलांनी राणी व्हिक्टोरियाला पत्रं लिहिली: आमचा जंबो देऊ नका. गेलाच तो. बार्नम त्याची उंची कुणाला मोजू देत नसे (वजनकाट्याच्या बाबतीत माझंही हेच धोरण आहे). 1885 मध्ये कॅनडात मालगाडीच्या धडकेने तो मेला. बार्नमने कातडं आणि सांगाडा वेगवेगळे मिरवले, म्हणजे एका हत्तीचे दोन झाले. पेंढा भरलेला जंबो टफ्ट्स विद्यापीठात होता. 1975 च्या आगीत जळाला आणि त्याची राख पीनट बटरच्या बरणीत भरून ठेवली गेली. नाव मात्र उरलं. अमेरिकेत डब्यातल्या ऑलिव्हलाही 'जंबो' म्हणतात. आणि रेल्वेने मारलेल्या हत्तीचं नाव आपल्या पश्चिम रेल्वेने रविवारच्या ब्लॉकला दिलं आहे!

असो. परवा बहिणीने भाचीचा बायोडाटा इंग्रजीत केला. गोरी, उंची अमुक, शिक्षण तमुक, आणि बांध्यापुढे 'हेल्दी'. मुलाकडून फोन आला: "हेल्दी म्हणजे नक्की किती हो?" त्यांच्या चिरंजीवांचा फोटो माझ्यासमोरच होता. शर्टाच्या दोन बटणांमधून बनियन डोकावत होतं आणि शेजारी छापलं होतं 'वेल-बिल्ट'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्हा पुरुषांच्या चरबीसाठी शेक्सपिअरपर्यंत जायची सोय, आणि एमएस्सी झालेल्या पोरीची चौकशी चिकूच्या भावासारखी! बहीण फोनवर "तशी फार नाही हो, खात्यापित्या घरची वाटते एवढंच" म्हणत राहिली. भाची आतल्या खोलीत होती. दार उघडं होतं.

संध्याकाळी तिने लॅपटॉप घेतला, 'हेल्दी' खोडलं आणि तिथे आकडा टाकला. 74 किलो.

"मामा, तुझं किती रे?"

मी चहा टाकायला उठलो.