काखेतला कळसा

आमच्या पंचवटीत ‘एजंट’ म्हटलं की दोन माणसं डोळ्यांपुढे येतात. एक विमेवाला. दुसरा, पाहुण्याला रामकुंडापर्यंत पोचायच्या आत गाठून “खोली पाहिजे का? पूजा करायचीय का?” विचारणारा. दोघांचाही प्रसाद मला मिळालेला आहे. त्यामुळे भाचा परवा चहा पिता पिता म्हणाला, “मामा, काल रात्रभर पाच एजंट कामाला लावले होते,” तेव्हा मी नकळत गल्ल्याच्या चाव्या चाचपल्या.

भाचा संगणकाचा इंजिनिअर. नोकरी पुण्याच्या कंपनीत, काम मात्र आमच्या माडीवरून. खाली माझं दुकान: ताम्हनं, पळी-पंचपात्र, समया, तांब्याच्या कळशा आणि गंगेचं पाणी घरी न्यायचे गडू. गोदावरी कागदावर; बोलताना आम्ही गंगाच म्हणतो, आणि घाटावर निघालेला माणूस ‘गंगेवर’ निघालेला असतो.

त्याचे एजंट कृत्रिम बुद्धिमत्तेचे निघाले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. एखादं सॉफ्टवेअर लिहायला घेण्याआधी तो त्यांना कामं वाटून देतो. हे जगात आधी कुणी केलंय का, ते एकाने हुडकायचं. दुसऱ्याने परवाना वाचायचा, म्हणजे फुकट वापरता येतं की पुढे वकील गाठावा लागतो. तिसऱ्याने पाहायचं की त्या कोडला शेवटचा हात कधी लागला; कर्ता अजून लक्ष देतोय की वाऱ्यावर सोडून गेलाय. चौथ्याने वापरणाऱ्यांच्या तक्रारी चाळायच्या. आणि पाचव्याने सगळ्यांचं ऐकून सकाळी अहवाल ठेवायचा.

“सून आणायच्या आधी मामीने केली होती ना चौकशी, तसंच,” तो म्हणाला. मामी आतून म्हणाली, “माझी पाच नव्हती, एकटी जाऊबाई पुरली.”

त्याची पहिली कल्पना सिंहस्थाची होती. २०२७ च्या कुंभाचे वारे सुटल्यापासून आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या डोक्यात एक ॲप आहे. याच्या डोक्यात गर्दी मोजण्याचं होतं. कल्पना पोरकट नव्हती. २००३ च्या सिंहस्थात इथेच चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. तो दिवस ज्याने पाहिला, त्याला गर्दीची थट्टा सुचत नाही.

सकाळी अहवाल आला: हे तुमच्याच गावात झालेलं आहे. २०१५ च्या कुंभाआधी एमआयटीतले प्राध्यापक रमेश रासकर, मूळचे नाशिकचेच, यांच्या पुढाकाराने इथे ‘कुंभथॉन’ भरला होता. कुंभाच्या अडचणींवर पोराथोरांनी एकत्र बसून उपाय काढायचे, असा तो प्रकार. त्यातच निलय कुलकर्णी या नाशिकच्या शाळकरी मुलाने आणि त्याच्या सोबत्यांनी ‘आशिओतो’ केली. ही वाटेवर अंथरायची चटई. अंगावर पडणारी पावलं मोजते. भाचा त्या वर्षी सातवीत होता. ही गोष्ट घाटापासून चारशे पावलांवर राहणाऱ्या पोराला शेवटी सांगितली कुणी, तर यंत्राने.

त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पसंत पडलेल्या मुलीचं आधीच ठरलंय असं कळल्यावर होतो, तसा. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. कल्पना सुचली की प्रत्येकाला वाटतं, ब्रह्मगिरीवरून गंगा थेट आपल्याच लोट्यात पडली. तिथून इथपर्यंत किती जणांनी आंघोळी केल्यात, ते कुणीतरी सांगावं लागतं.

दुपारी त्याला गंगेवर घेऊन गेलो. एका तीर्थोपाध्यायांपुढे वऱ्हाडाकडचं एक कुटुंब बसलं होतं. गुरुजींनी पेन उचललं नाही. आधी विचारलं, “गाव कोणतं? आडनाव?” मग एक लांबोडकी, कडा काळ्या पडलेली वही काढली आणि पानं उलटत एका जागी थांबले. घरातल्या म्हाताऱ्याच्या आजोबांचं नाव होतं तिथे, त्यांच्या भावांची होती, कोण कधी येऊन गेलं ते होतं. म्हाताऱ्याने चष्मा पुसला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. बराच वेळ ते उचललंच नाही. मग गुरुजींनी पेन उघडलं आणि खाली नव्या नातवंडांची नावं लिहिली.

“मामा, हे तर इंडेक्सिंग आहे,” भाचा कुजबुजला.

“अरे, वही आहे ती,” मी म्हणालो. पण त्याला जे दिसलं ते मलाही दिसलं होतं. नवी ओळ लिहायची तर आधी जुनी शोधायची, आणि तिच्याच खाली लिहायची.

फरक एकच. गुरुजींच्या वहीत नाव नसलं तर ते सरळ ‘नाही’ म्हणतात. एजंटांना ‘नाही’ म्हणायचा भारी संकोच. एकाने भाच्याला तयार कोडचं एक पॅकेज सुचवलं. नाव भारदस्त, गुण सोळा आणे. भाचा शोधायला गेला तर असं काही पृथ्वीतलावर नव्हतंच. विचारल्यावर एजंटाने अत्यंत नम्रपणे माफी मागितली आणि दुसरं सुचवलं. तेही नव्हतं. यात नुसती गंमत नाही. एजंटांच्या तोंडी वारंवार येणारं असं बनावट नाव हेरून त्याच नावाने कुणी विषारी कोड ठेवून देऊ शकतो, असा इशारा सुरक्षेचे अभ्यासक देतात. म्हणून भाचा आता प्रत्येक स्थळ स्वतः जाऊन पाहतो. पत्रिकेवर भागत नाही.

बरं, स्थळ खरं निघालं तरी सगळं निभावतंच असं नाही. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या अकरा ओळींचा कोड त्याच्या कर्त्याने रागारागाने काढून घेतला, आणि त्यावर टेकलेली जगभरची हजारो कामं एका दुपारी अडून बसली. शेजारची विळी मागून स्वयंपाक करायला हरकत नाही. पण शेजारी गावाला गेला तर काय, हे आधी ठरलेलं बरं.

मग भाच्याने पुराचा विषय घेतला. तो आमच्या घरचाच विषय. १९६९ चा पूर आमचे वडील सांगायचे. २००८, २०१६ आणि २०१९ चे मी दुकानाच्या भिंतीवरच्या ओलीत वाचू शकतो. एजंट पुन्हा रात्रभर राबले. केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ २०२३ पासून आहे. गूगलने २०१८ साली पाटण्यापासून पुराचे इशारे द्यायला सुरुवात केली. आपत्ती व्यवस्थापनाचं ‘सचेत’ आहे. निष्कर्ष: नवं काही करायची गरज दिसत नाही.

“पण मामा, पूर आला की तू यातलं काय बघतोस?”

“मी? मी मारुती बघतो.”

रामकुंडाजवळ पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हे आमचं मोजमाप. धरणातून दहा हजार क्यूसेक सोडले म्हणजे सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर पाणी, हे भाच्याने गणित करून सांगितलं. ऐकून माझ्या डोळ्यांपुढे काहीही आलं नाही. त्यात धरणाच्या खाली पडणारा पाऊस आणि ओढे-नाले धरणाला विचारून येत नाहीत. पण ‘मारुतीच्या गुडघ्याला लागलं’ असं कुणी ओरडलं की हात आपोआप खालच्या फळीकडे जातात. कमरेला लागलं की समया माडीवर. छातीला लागलं की गल्ला आणि देव्हारा, याच क्रमाने. देव समजून घेतो.

भाच्याने अहवाल पुन्हा उघडला. दुतोंड्या मारुती त्यात होता. ‘धार्मिक स्थळे’ या रकान्यात.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण कळशा विकणाऱ्याने सांगावी यात थोडा धंदा आहे, हे मला मान्य आहे. पण एजंटांचा तरी काय दोष? त्यांनी लिहिलेलं सगळं वाचलं. आम्ही ‘गुडघा म्हणजे खालची फळी’ हे कधी लिहिलंच नाही.

शेवटी भाचा स्वतःच उठला आणि घाटावर फुलं विकणाऱ्या मावशींपुढे जाऊन बसला. एजंटांना विचारायचे तेच प्रश्न त्यांना विचारले. मावशी द्रोणात झेंडू ठेवता ठेवता म्हणाल्या, “पाणी गढूळ झालं का पाटी आवरायची. मारुती बघायचा. त्याला मोबाईल कशाला पायजे?”

“मग तुमची अडचणच नाही म्हणा.”

“हाये की,” त्यांचा हात थांबला. “रातच्याला लाइट जाती. अंधारात मारुती दिसत न्हाई, बाळा. तेवढं बघ.”

पाच एजंटांनी रात्रभर उत्तरं आणली होती. प्रश्न आज मिळाला.

त्या रात्री माडीवर पुन्हा दिवा जळत होता. अंधारात पाण्याची उंची मोजायची सोय कुणी केलीय का? पुष्कळांनी केलेली होती. पुलाखाली टांगायचं, पाण्यावर आवाज आपटवून परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं छोटं यंत्र बाजारात तयार मिळतं. भाचा या वेळी हिरमुसला नाही. त्याच्या वाट्याला उरलं ते एवढंच, की यंत्र सेंटिमीटरमध्ये बोलेल त्याचं आमच्या भाषेत करायचं: गुडघा, कंबर, छाती. तीन शब्दांचं सॉफ्टवेअर. ते टांगायची परवानगी कुणाकडून घ्यायची, हे शोधायला मात्र त्याने एजंट लावले आहेत, आणि या कामात ते प्रथमच घामाघूम झालेले दिसतात.

काल रात्री अकराला धरणातून पाणी वाढवल्याचा निरोप आला. वीज गेलेलीच होती. बॅटरी घेऊन आम्ही दोघे घाटावर गेलो. झोत पाण्यावरून घसरत घसरत मारुतीपाशी पोचला. पावलं बुडाली होती, गुडघा कोरडा. नियमाप्रमाणे अजून वेळ होता. पण अंधारात कुठल्या मापावर विसंबायचं? परत येऊन खालची फळी रिकामी करायला घेतली. मी ताम्हनं उचलली, मामीने पंचपात्रं.

शेवटची मोठी कळशी भाच्याने काखेत मारली आणि जिना चढून वर गेला.