पाच ग्रॅमचे काका

चाकण एमआयडीसीत सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी कुणी लग्न गाठतं, कुणी गावाकडं जाऊन शेत बघतं. काका काखेत विमान मारून मोकळा माळ शोधत निघतात. गेल्या वेळच्या माळावर एव्हाना गोदामाचे खांब उभे राहिलेले असतात. खिशात वजनाच्या पट्ट्या: चाक बॅलन्स करताना टायरवाला रिमला चिकटवतो त्या, ५-५ ग्रॅमच्या.

विमान कंट्रोल लाइनचं. हँडलपासून दोन बारीक पोलादी तारा डाव्या पंखातून आतल्या बेलक्रँकला जातात. मनगट वाकवलं की एलिव्हेटर हलतो आणि विमान काकांना प्रदक्षिणा घालत वर-खाली होतं. तारा ताठ असतील तोवर ते काकांचं. ढिल्या पडल्या की जमिनीचं. म्हणून तारांचं वजन तोलायला बाहेरच्या पंखाच्या टोकाला शिसं, आणि ताण टिकावा म्हणून रडर अन् इंजिनाचं नाक किंचित बाहेर. ही विद्या एनसीसीच्या एअर विंगमधली. दैवत अमेरिकेचा जिम वॉकर. १९४० च्या सुमारास त्यानं हा प्रकार लोकप्रिय केला, वर एकदम तीन विमानं उडवून दाखवली: दोन दोन्ही हातांनी, तिसरं डोक्याला बांधलेल्या हँडलनं. “डोकं काय नुसतं हेल्मेट घालायला असतं?” काका विचारतात.

काका कंपनीत क्वालिटीला आहेत, त्यामुळं ‘ठीक आहे’ हा शेरा त्यांच्या पेनातून उतरत नाही. “काका, भारी उडालं!” पोरं ओरडतात. “उडायला काय, प्लास्टिकची पिशवीही उडते,” म्हणत काका विमान उतरवतात, एक पट्टी काढतात, पुन्हा इंजिन सुरू करतात. नियम एकच: एका वेळी एकच बदल, तोही थोडाच.

त्यांची खरी परीक्षा उलट्या विमानाची. सरळ उडताना बाहेरचा पंख खाली आणि उलटं केल्यावरही तोच खाली, तर टोकाला वजन जास्त. सरळ असताना खाली, उलटं झाल्यावर वर, तर पंखाला पीळ. तिथं पट्टी काढून उपयोग नाही.

घोटाळा इतकाच, की काका याच मापानं माणसंही तपासतात. “मॅनेजरसाहेबांना वजन जास्त झालंय.” “भावजींना पीळ आहे, त्यांच्या नादी लागू नका.” ठेकेदारापासून व्याह्यांपर्यंत कुणी सुटलेलं नाही.

परवा काकूंनी दळण टाकून यायला सांगितलं. काका निघाले माळाकडं.

“यांना सरळ सांगा नाहीतर उलटं बोला,” काकू शेजारणीला म्हणाल्या, “दोन्ही वेळा कलणार बाहेरच. म्हणजे पीळ नाही, वजनच जास्त. आजपासून दोन भाकरी कमी.”

काका दारातच थबकले. निदान चोख होतं, क्वालिटीच्या माणसाला नाकारता येईना.

“मान्य,” ते म्हणाले. “पण एकदम दोन नको. आधी अर्धी काढून बघू.”