मुदतीपूर्वी हजर झालेले भूत

एखाद्या जपानी भय-मांगाच्या, म्हणजे भयप्रद चित्रकथेच्या, इंग्रजी आवृत्तीचा परवाना कोणा अमेरिकन प्रकाशनगृहाने मिळविल्याचे जाहीर व्हावे, आणि ज्या वाचकवर्गाने त्या परवान्यासाठी वर्षानुवर्षे अर्ज, विनवण्या व शिव्याशाप यांची अखंड वृष्टी केलेली असते त्याच वर्गाने, आनंदाचा पहिला चीत्कार पुरता ओसरण्यापूर्वी, ‘कागद किती ग्रॅमचा?’ असा सवाल टाकावा, याचे आम्हांस आता नवल वाटेनासे झाले आहे. कथा कशी आहे, हे कोणी विचारीत नाही. ती प्रत्येकाने चोरट्या भाषांतरांतून पडद्यावर केव्हाच वाचून हातावेगळी केलेली असते. अनुवाद कोणाकडे सोपविला, हा प्रश्न निघालाच तर तो शिष्टाचार म्हणून निघतो. तीन खंड एकत्र बांधून सहाशे-सातशे पानांचा एकच ठोकळा निघणार, एवढी वार्ता हाती येताच ही मंडळी वजन, अपारदर्शकता, शिलाई, सरस अशी काही परिभाषा बोलू लागतात, की आपण भुताखेतांच्या गोष्टीविषयी ऐकत आहोत की एखाद्या बुडीत छापखान्याच्या लिलावास उभे आहोत, याचा उलगडा होऊ नये.

ग्रंथ घरी पोचला की रीतसर पंचनामा होतो. वेष्टण फाडले जाते, पान दिव्यासमोर धरले जाते, आणि फिर्याद रुजू होते ती अशी, की पाठीमागचे भूत पुढून दिसते.

फिर्याद वरपांगी पोरकट वाटते. पण तिच्यातील कायद्याचा मुद्दा बारकाईने पाहण्याजोगा आहे. जपानी ग्रंथ उजवीकडून डावीकडे वाचावयाचा. वाचक डाव्या पानाच्या तळाशी येतो, तेथे नायिका दाराच्या कडीला हात घालते, आणि चित्रकार नेमका तेथेच थांबतो. दारापलीकडे जे काही आहे ते पान उलटल्यावर, त्याच पानाच्या पाठीवर, पानभर, काळ्याकुट्ट शाईत उभे असते. या धंद्यातला हा मुरलेला आणि हुकमी डाव. आता कागद पातळ निघाला, की नायिका अजून जिन्यावर असते, कडीला तिचा हातही लागलेला नसतो, वरच्या चौकटीत तिची आई तिला जेवावयास हाक मारीत असते, आणि त्या प्रेमळ आईच्या एप्रनमधून पलीकडचे भूत, उजव्याचे डावे होऊन, फिकट करड्या रंगात डोकावू लागलेले असते. संवादाच्या फुग्यांची तर दैनाच. तो फुगा म्हणजे पानावरील सर्वांत पांढरी जागा. तेव्हा पाठीमागून येणारास बसावयास तीच प्रशस्त वाटते. ‘चहा घेणार का?’ या वाक्याच्या शेजारी एक बुबुळ नसलेला डोळा येऊन बसतो, आणि ‘नको, आत्ताच घेतला’ या उत्तराखाली दातांची एक अख्खी कवळी उमटते. बरे, जेवढे भूत भयंकर तेवढी त्यावर शाई अधिक, आणि शाई अधिक तेवढे ते लवकर हजर! मुदत पाळतात ती फक्त सौम्य प्रकृतीची भुते, ज्यांना पाहून कोणी घाबरत नाही. जी खरोखर कर्तबगार आहेत ती सारी आगाऊ येऊन जिन्याखाली ताटकळत उभी. कोणत्याही कचेरीत कारकून वेळेआधी आला तर त्याची वाखाणणी होते. येथे मात्र त्याच गुणाबद्दल भुताविरुद्ध तक्रार गुदरते, आणि ती गुदरणारा असतो कोण? ज्याने ही कथा पडद्यावर वारंवार वाचली आहे, ज्याला ते भूत कितव्या प्रकरणाच्या कितव्या पानावर कोणत्या हातात काय घेऊन उभे आहे हे तोंडपाठ आहे, तो गृहस्थ! त्याचे म्हणणे एवढेच, की जे येणार हे मला ठाऊक आहे ते येणार हे मला आधी कळले.

जाता जाता एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. गेल्या शतकात इंग्रजी वाचकाच्या सोयीसाठी ही पाने आरशात धरल्याप्रमाणे उलटवून छापण्याचा प्रघात होता. तो या शतकाच्या आरंभी बहुतांशी मोडला. जपानात जिवंत माणसाच्या किमोनोची डावी बाजू उजवीवर येते, आणि उजवी डावीवर चढवितात ती प्रेताला कपडे घालताना. सबब त्या उलट्या आवृत्त्यांत अख्खे गाव अंत्यविधीच्या वेषात भाजी आणावयास जात असे, आणि तरीही भूत म्हणून बोट दाखविले जाई ते विहिरीतल्या एका बिचारीकडे.

येथवर आम्ही हसत होतो. परंतु असला एक ठोकळा आम्ही स्वतः हाती घेतला, आणि त्यानंतर हसणे जमेनासे झाले.

प्रकाशकाची कैफियत ठरलेली असते. हे चित्रप्रकारच मुळी हलक्या कागदावर वाढले, असे तो सांगतो, आणि ते खोटे नाही. जपानात ही प्रकरणे प्रथम मासिकांच्या खरबरीत कागदावर छापली जातात व वाचून रद्दीत जातात. त्याआधी, १९५० च्या दशकात, भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांतून ही भयचित्रे हातोहाती फिरली. कबूल. पण त्या खरबरीत कागदाचे दामही त्या कागदालाच शोभणारे होते. त्या मासिकाच्या मुखपृष्ठावरील कवटीवर कोणी चंदेरी वर्ख चढविला नव्हता, आत रेशमी फीत सोडली नव्हती, आणि ‘संग्राह्य’ हा शब्द छापून दुप्पट मोल उकळले नव्हते. आता वर्खास पैसे आहेत, उठावाच्या अक्षरांस आहेत, कडा काळ्या रंगविण्यास आहेत. फक्त ज्या वस्तूवर पुस्तक छापावयाचे तिच्यापाशी येताच तिजोरी आटते. हा कागदाचा दोष नव्हे. ही उघड लबाडी आहे, आणि तिला ‘कागदाचा नैसर्गिक गुण’ असे गोंडस नाव देणाऱ्यास त्याच्याच ठोकळ्याने बडवावे इतका तो ठोकळा निश्चितच वजनदार असतो.

आणि बांधणी! सातशे पानांच्या गठ्ठ्याची पाठ यंत्रावर खरवडावयाची, तीवर ऊन सरस ओतावयाचा, वर पुठ्ठा डकवावयाचा, आणि या कृत्यास ‘परफेक्ट बाइंडिंग’ म्हणावयाचे! जोडपानावर पसरलेले चित्र मधल्या फटीत बुडते. चित्रकाराने रात्री जागून काढलेल्या राक्षसाचे नाक आणि दीड डोळा त्या दरीत गडप होतो, आणि तो पाहण्यासाठी पुस्तक दोन्ही हातांनी दाबले की पाठीतून कड्कन आवाज येतो. साऱ्या ग्रंथात आमच्या काळजाचा ठोका चुकला तो त्या आवाजाने. फर्मे दोऱ्याने शिवून, जुजबंदी करून बांधलेले पुस्तक मेजावर उताणे पडते, नातवापर्यंत टिकते, आणि ही विद्या काही लुप्त झालेली नाही. ती फक्त हिशेबात बसत नाही. मराठी ग्रंथांची पानेही हल्ली पहिल्याच वाचनात वाचकाच्या मांडीवर येऊन बसतात. पण आम्ही सोशिक माणसे, सुटलेली पाने क्रमवार लावतो, रबर घालतो आणि पुस्तक कपाटात ठेवतो. तिकडचा तो तरुण निदान ओरडतो तरी. मघाशी आम्ही ज्याची टर उडविली त्याच्या अर्जावर आमची सही धरावी.

तूर्त त्याने स्वतःपुरता एक इलाज शोधून काढला आहे. पानामागे काळा कागद धरला, की पाठीवरचे भूत पुष्कळसे विरते. पान तेवढे थोडे करडे दिसते, म्हणजे भूत घालवून संध्याकाळ पदरात पडते. प्रत्येक पानागणिक हा कागद काढावा आणि सरकवावा लागत असल्यामुळे वाचन किंचित रेंगाळते. पण भीतीला रेंगाळणे मानवते, असे जाणकार म्हणतात. ही युक्ती प्रकाशकांच्या कानी जाण्याचा अवकाश, की पुढील विशेष आवृत्तीत एक काळा पुठ्ठा, कवटीच्या चंदेरी छापासह, वाढीव मोल घेऊन, ‘मर्यादित प्रती’ म्हणून दिला जाईल. आगाऊ नोंदणी पहिल्याच दिवशी संपेल. आणि दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज दाखल होईल, की सदर पुठ्ठा किती ग्रॅमचा आहे याचा लेखी खुलासा व्हावा.