सरफोजी, टेल्मिसार्टन आणि मी

तंजावरच्या जेनेरिक दुकानात रक्तदाबावरच्या टेल्मिसार्टनची स्ट्रिप इतकी स्वस्त मिळाली की माझा रक्तदाब तिथल्या तिथे वाढला. भाजीत दोन रुपये सुटले तर मी दिवसभर खूश असतो, पण स्वस्त औषध म्हटलं की मला घातपाताचा वास येतो. "ओरिजिनल?" मी विचारलं. "सेम मरुंदु, सार," दुकानदार शांतपणे म्हणाला. तमिळनाडू सरकारने फेब्रुवारी 2025मध्ये एकदम हजार 'मुदलवर मरुंदगम', म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांची दुकानं, उघडली. असले प्रश्न आता तिथल्या दुकानदारांना पाठ झाले असावेत.

खोलीवर आलो तर बॅगेच्या चोरकप्प्यात बायकोने ठेवलेली ब्रँडची कोरी स्ट्रिप सापडली. आता घेतलेली स्वस्त स्ट्रिप वाया कशी घालवायची? मी हिशेब मांडला: जेनेरिकमध्ये औषध वीस टक्के कमी असतं, असं व्हॉट्सॲपवर वाचलेलं. म्हणजे ती साधारण पाऊण गोळी. सकाळी दोन्ही घेतल्या आणि उपाशीपोटी बृहदीश्वराच्या देवळात गेलो.

तिथल्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांच्या काळातला, 1803चा. चैत्रातल्या उन्हात मी एकेक ओळ लावत होतो. चारपाच ओळींत अक्षरं डुलू लागली, कानात नगारे वाजू लागले. अंगात शिवकाल संचारला, अशी माझी खात्री झाली. मी अभिमानाने मान ताठ केली आणि खाली बसलो. बसलो म्हणजे, पाय आधी बसले.

मी उतरलो होतो त्या घरच्या काकू तंजावरी मराठी, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या फार्मासिस्ट. त्यांनी दाब मोजला आणि दोन्ही स्ट्रिप माझ्यासमोर धरल्या. "अहो, दोन्हीवर एकच नाव. 2018च्या नियमाने औषधाचं नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरात छापतात. दोनशे वर्षांपूर्वीचा दगड वाचता आणि हे नाही?"

मी वीस टक्क्यांचं अस्त्र काढलं. काकू हसल्या. तो वीसचा आकडा ज्यातून निघतो, ती 80 ते 125 टक्क्यांची मर्यादा गोळीतल्या औषधाची नव्हे. जेनेरिक आणि मूळ औषध रक्तात किती उतरतं, याच्या तुलनेचा अख्खा सांख्यिकी पट्टा तिच्यात बसावा लागतो. अमेरिकेत दोन हजारांवर चाचण्या तपासल्या, तर सरासरी फरक चार टक्क्यांच्या आसपास निघाला. "आणि तुमचा ब्रँड तरी कुठला मोठा? टेल्मिसार्टनचं पेटंट केव्हाच संपलंय. तुमचीही जेनेरिकच, फक्त बारसं झालेली." फिट्सच्या किंवा थायरॉईडच्या गोळीची कंपनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, असंही त्यांनी बजावलं. सरफोजींनी धन्वंतरी महालात औषधं करून, पारखून घेतली, त्या गावात माझ्यासारखा पेशंट निघावा!

माझ्या डॉक्टरांना फोन झाला. दोन्ही स्ट्रिप काकूंच्या कपाटात गेल्या. दुसऱ्या दिवसापासून नाश्त्याबरोबर एकच गोळी, तीही वेष्टणातून काढून थेट तळहातावर. दाब रोज झकास. ही ब्रँडचीच किमया, हे मी त्यांना रोज ऐकवायचो. त्या "हो का?" म्हणून इडली वाढायच्या.

निघताना त्यांनी ब्रँडची स्ट्रिप परत दिली. तिच्यातली एकच गोळी कमी होती.