कणकेला फी नसते

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर गेला की धरमपेठेतली नातवंडं एसी शिबिरात ‘क्ले मॉडेलिंग’ शिकतात. फी भरतात आबाजी, ने-आणही त्यांचीच. क्ले म्हणजे रंगीत कणीकच, पण डब्यात बसली की तिला भाव येतो. घरी आजी तेव्हा बारीक काड्यांवर कणीक गुंडाळून सरगुंडे करत असते, आमरसासोबत खायला. बोटांना वळण, एकाग्रता, चिकाटी, शिबिराच्या पत्रकातलं सगळं त्यात आहे. नाही ते फक्त सर्टिफिकेट. शिवाय बिघडलेला नमुना खाता येतो. (क्लेही काही मुलं खाऊन बघतात, ते सोडा.)

पोळ्याच्या दिवशी पिठोरी अमावास्या. नातवाने कणकेचे दिवे घडवायला घेतले, तर आईला फक्त ओट्यावर सांडलेलं पीठ दिसतं. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, 1806 साली दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केला असं सांगतात तो. तिथे लाकडी नंदी बाजारातला, झूल ऑनलाइन, बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारे पैसे, मात्र पोराच्या खिशात.

तेव्हा आजी-आबाजींनो, कणीक मळायची फी लावा. नातवंडांची रांग लागेल. पावती आईबापांच्या नावाने फाडा.